स्टेलारिस: अवकाशाला भूगोल देणारा खेळ

स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा ‘स्टेलारिस’ हा अवकाशात साम्राज्य उभारण्याचा संगणकीय खेळ मे २०१६ मध्ये आला, तेव्हा ताऱ्यांमधील प्रवासाचे तीन प्रकार त्यात होते आणि सीमेवरचे ठाणे टाळून शत्रूचा ताफा थेट आतल्या वस्त्यांपर्यंत पोहोचू शकत असे. २०१८ च्या २.० आवृत्तीने सुरुवातीच्या प्रवासासाठी केवळ हायपरलेनचे, म्हणजे ताऱ्याला ताऱ्याशी जोडणारे, ठरावीक मार्ग ठेवले. अनेक जुन्या खेळाडूंना हा बदल रुचला नाही. मला मात्र खेळाचे खरे सामर्थ्य त्यातच दिसते. ज्या ताऱ्याकडे दोनच वाटा जातात तो आपोआप खिंड ठरतो, आणि शेजाऱ्याने ती बळकावण्याआधी तेथे चौकी उभारावी की खनिजांनी समृद्ध असलेला दुसरा तारा घ्यावा, हा प्रश्न जीव टांगणीला लावतो, कारण चौकीसाठी खर्चावा लागणारा ‘प्रभाव’ हा खेळातील साठा फार संथपणे वाढतो.

खेळ इ.स. २२०० मध्ये एका ग्रहापासून सुरू होतो. आपल्या समाजाची मूल्ये तीन गुणांत बसवावी लागतात. एखादे मूल्य टोकाचे हवे असेल तर त्यावरच दोन गुण खर्च होतात. ही निवड शोभेची नाही. शांततावादी समाजाला हवे तसे युद्ध पुकारता येत नाही, हे शेजारी दुबळा असताना प्रकर्षाने जाणवते. संशोधन जहाजे अनोळखी तारे धुंडाळत असतात ती पहिली काही दशके मला सर्वांत प्रिय आहेत.

मधला काळ त्या मानाने सपाट आहे. सीमा ठरून गेल्या की ग्रहांवरील रोजगार आणि मिश्रधातूंचे उत्पादन यांचा हिशेब सांभाळण्यातच वेळ जातो. मोठ्या आकाशगंगेत लोकसंख्या वाढत जाते तसा खेळाचा वेगही मंदावतो, म्हणून प्रथमच खेळणाऱ्यांनी १००० ताऱ्यांचा मोह टाळून ४०० किंवा ६०० तारे निवडावेत.

उत्तरार्धातील महासंकट ही मरगळ झटकते. ते आकाशगंगेबाहेरून येणाऱ्या प्रेथोरिन नावाच्या परक्या जीवांच्या झुंडींच्या रूपात येऊ शकते किंवा दुसऱ्या मितीतून; दोन्ही वेळा ते आपल्या तटबंदीची दिशा पाहून येत नाही, आणि शतकभर जपलेली खिंड सोडून ताफा भलत्याच टोकाला न्यावा लागतो.

सशुल्क विस्तार पुष्कळ आहेत. ते एकदम घेऊ नयेत. पहिला घ्यायचाच असेल तर २०१७ चा ‘युटोपिया’ घ्यावा, कारण ताऱ्याभोवती डायसन गोल, म्हणजे त्याची ऊर्जा टिपणारे अवाढव्य कवच, उभारण्याची सोय त्यातून मिळते.