ब्रेक वायरचे, बिल ब्लीडिंगचं

पावसाळ्याच्या तोंडावर सर्व्हिसिंगहून आलेल्या सायकलींची बिलं एकदा नीट वाचा. पुढचे-मागचे ब्रेक पॅड, ब्रेक ब्लीडिंग (म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढणं), मजुरी. आणि कित्येकदा त्या सायकलला ब्रेक असतात वायरचे! त्यांत तेलच नसतं, तर ब्लीडिंग कशाचं केलं? डिस्कला चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरपाशी उघडी स्टीलची वायर आणि तिला आवळणारा बोल्ट दिसला, की तो मेकॅनिकल डिस्क ब्रेक. बिलातली एक ओळ तिथेच खोडायला लावा.

पॅडची ओळ खोडणं जरा अवघड, कारण तिथे प्रात्यक्षिक करून दाखवतात. लिव्हर दाबला, तो हँडलला टेकला, "बघा, पॅड गेले." वायरच्या ब्रेकमध्ये पॅड झिजले की लिव्हर खोल जातो हे खरं, पण वायर सैल झाली तरी तेच होतं. वायरच्या टोकाशी असलेला फिरवायचा बॅरल अ‍ॅडजस्टर थोडा बाहेर काढला की ताण परत येतो. बहुतेक स्वस्त कॅलिपरमध्ये एकाच बाजूचा पॅड हलतो. स्पोककडचा पॅड स्थिर असतो आणि तो एलन कीने डिस्कजवळ आणावा लागतो, नाहीतर लिव्हर दाबताना डिस्कच वाकत राहते. काम पाच-दहा मिनिटांचं. हायड्रॉलिकची, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची, तऱ्हा उलटी. पॅड झिजतील तसे त्यांना ढकलणारे पिस्टन आपोआप पुढे सरकतात, त्यामुळे पॅड पार मागच्या पत्र्याला आले तरी लिव्हर पूर्वीसारखाच लागू शकतो. आणि लिव्हर स्पंजसारखा दबत असेल तर संशय आत शिरलेल्या हवेचा घ्यायचा. थोडक्यात, नुसता लिव्हर दाबून पॅडचा निकाल देणाऱ्याला पॅड काढून दाखवायला सांगा.

चाक काढा. हायड्रॉलिक असेल तर चाक बाहेर असताना लिव्हरला हात लावू नका, पिस्टन पुढे येऊन बसतात आणि डिस्क आत जात नाही. पिन किंवा बोल्ट काढला की दोन्ही पॅड आणि मधली स्प्रिंग एकत्र निघतात. शिमानो या ब्रेक कंपनीच्या नेहमीच्या नव्या पॅडवर घासणारा थर साधारण 2 मिमी असतो, तो 0.5 मिमीवर आला की पॅड बदलायचे. स्रॅम ही दुसरी कंपनी पत्र्यासकट जाडी धरते, 3 मिमीच्या खाली गेली की बदला. दोन्ही पॅड मोजा. एकच फार झिजला असेल तर कॅलिपर तिरका बसलाय किंवा एक पिस्टन अडकतोय (वायरच्या ब्रेकमध्ये स्थिर पॅडचं अंतर चुकलेलं असतं), आणि ते दुरुस्त न करता घातलेली नवी जोडीही तशीच जाणार. "डिस्कपण गेली" म्हणाले तर तिलाही व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावायला सांगा. शिमानोची नवी डिस्क 1.8 मिमी असते, 1.5 मिमी ही हद्द.

सगळ्यांत वाईट प्रकार म्हणजे जुनेच पॅड काचपेपरवर घासून "नवे" म्हणून परत बसवणं. पृष्ठभाग स्वच्छ मॅट दिसतो, आवाजही काही दिवस थांबतो, म्हणून गिऱ्हाईक खूश. ओळखायचं पाठीमागून. नव्या पॅडच्या पत्र्यावर पिस्टनची गोल खूण नसते, कडांना रंग उडालेला नसतो, खाचांत काळी भुकटी बसलेली नसते. थरावर एकाच दिशेच्या बारीक रेघा असतील आणि जाडी 1 मिमीच्या आसपास भरत असेल, तर पाकीट कुठलं फोडलं ते दाखवा म्हणावं.

थर भरपूर असूनही पॅड टाकून द्यावे लागतात ते तेल लागल्यावर. चेनवर मारलेला स्प्रे मागच्या डिस्कवर उडतो, पॅड तो शोषून घेतात, मग ब्रेक किंचाळतात आणि लागत नाहीत. ही मागणी रास्त आहे. फक्त सायकल आत जाताना ब्रेक गप्प होते आणि बाहेर येताना ओरडत असतील, तर त्या पॅडचे पैसे कोणी भरायचे हे विचारायला लाजू नका.

"मेटलचे घाला, दुप्पट टिकतील" हा सल्लाही महागात पडतो. बऱ्याच साध्या डिस्कवर "रेझिन पॅड ओन्ली" (फक्त रेझिनचे, म्हणजे राळेचे मऊ पॅड) असं कोरलेलंच असतं. त्यांचं स्टील मऊ असतं, मेटल पॅड ते खरवडून खातात आणि पुढचं बिल डिस्कचं येतं. उलट, पावसात घाटातल्या चिखलातून उतरणाऱ्याला रेझिन पॅड लवकर झिजतात हेही खरं. अशा वेळी आधी डिस्क वाचायची, मग पॅड घ्यायचे.

नवे पॅड घातल्यावर पहिले काही किलोमीटर ब्रेक कमी लागतो. मोकळ्या सपाट रस्त्यावर मध्यम वेग घेऊन, चाक लॉक न करता, जवळपास थांबेपर्यंत वेग उतरवायचा, असं वीसेक वेळा. हे न सांगता सायकल हातात देतात आणि दोन दिवसांनी "ब्रेक लागत नाही" म्हणून आलेल्याला ब्लीडिंग विकतात.

सायकल टाकताना पॅडचा कान (वर डोकावणारं पत्र्याचं टोक) वरून दिसत असेल तर त्यावर मार्करने ठिपका द्या, फोटो काढा आणि जॉब कार्डवर लिहून घ्या: बदललेले जुने पॅड परत हवेत. परत मिळालेल्या पॅडवर तुमचा ठिपका नसेल, किंवा तो ठिपका अजून सायकलवरच दिसत असेल, तर पैसे देण्याआधी तिथेच चाक काढायला सांगा.