गाडी नीटनेटकी, चालक सज्जन, पण मागचे सीटबेल्ट कव्हराखाली

गणपतीसाठी रत्नागिरीहून कुडाळला आईला घेऊन जायचे होते, म्हणून शहरातील एका सेवेकडून चालकासह भाड्याची गाडी ठरवली. गाडी ठरलेल्या वेळेआधीच दारात आली, स्वच्छ होती आणि हातखंब्याला महामार्गाला लागल्यावर चालकाने कुठेही घाईने ओव्हरटेक केले नाही. गाडीची पाटी पिवळी होती, हेही मुद्दाम नोंदवते. सणासुदीला पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्याही भाड्याने धावतात आणि खासगी वापराच्या विमा पॉलिसीत भाडे घेऊन प्रवासी नेणे बसत नाही. अपघात झाला तर भरपाई मिळवताना नेमके तेच आडवे येते.

अडचण मागच्या सीटवर निघाली. नवे रेक्झिनचे कव्हर चढवताना बेल्टची बकले सीटखाली दाबली गेली होती. मी विचारले तेव्हा चालक अगदी नम्रपणे म्हणाले, "काकी, मागे बसणाऱ्यांना कोणी पोलीस विचारीत नाहीत." विचारत नसतील, पण केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ नुसार समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरील प्रवाशानेही बेल्ट लावणे बंधनकारक आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार, बेल्ट न लावलेले प्रवासी घेऊन गाडी चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड आहे. मूल १४ वर्षांखालील असेल तर त्याला बेल्टने किंवा बालआसनात सुरक्षित न बसवल्याबद्दलही तेवढाच दंड आहे. आमच्यासोबत बारा वर्षांची भाची होती. म्हणजे कव्हर बसवणाऱ्याने केलेल्या हयगयीची पावती या बिचाऱ्या चालकाच्या नावावर फाटली असती.

खरे आर्थिक ओझे मात्र दंडाचे नाही. अपघातानंतर नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो, आणि तिथे बेल्ट न लावल्याने इजा वाढली, म्हणजे प्रवाशाचाही हलगर्जीपणा आहे, असा बचाव समोरची बाजू घेऊ शकते. इंग्लंडमध्ये १९७५ च्या फ्रूम विरुद्ध बुचर या निकालाने याचे प्रमाणच घालून दिले: बेल्टमुळे इजा पूर्ण टळली असती तर भरपाईत २५ टक्के कपात, बरीच कमी झाली असती तर १५ टक्के, आणि काहीच फरक पडला नसता तर कपात नाही. आपल्याकडे कायद्यात असा ठरीव आकडा नाही. पुरावा पाहून न्यायाधिकरण ठरवते. बेल्ट वापरता येण्याजोगाच नव्हता, तर तो दोष प्रवाशाच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. परंतु ते दाखवून देण्याची वेळ आपल्यावर येऊ शकते, म्हणून मी दाबलेल्या बकलांचे फोटो काढून ठेवले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात गेलेले उद्योजक सायरस मिस्त्री मागच्याच सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. मागची सीट सुरक्षित असते, या समजुतीवर त्या दिवसापासून माझा विश्वास राहिलेला नाही.

पालीजवळ गाडी थांबवून चालकांनी स्वतः कव्हर उचकटले आणि कडेची दोन बकले वर काढली. आई आणि भाची तिथे बसल्या, मी पुढे बसले. मधले बकल निघालेच नाही.

कुडाळहून मालकांना फोन केला. त्यांनी वाद न घालता ऐकून घेतले, आणि परतीच्या दिवशी कव्हरला बकलांच्या जागी नीट शिवलेल्या चिरा होत्या. या तत्परतेसाठी पाचपैकी चार गुण देते. एक गुण राखून ठेवला आहे तो मधल्या जागेसाठी, कारण तिथले बकल अजूनही आतच आहे आणि तरीही गाडी चार प्रवाशांची म्हणूनच भाड्याने दिली जाते.