मेहंदी-नीळ की डब्यातला रंग? आधी आपले रविवार मोजा

माझ्या मोठ्या जाऊबाई गिरगावात राहतात. गेली बारा वर्षं केसांना त्यांची मेहंदी-नीळ (आधी मेहंदी, मग निळीच्या पानांची पूड) चालू आहे. मी मुलुंडला, डब्यातला रंग लावणारी. गणपतीत आम्ही दोघी शेजारी शेजारी मोदक वळायला बसलो की आमची डोकी बघून बायका गुपचूप तुलना करतात, हे मला माहीत आहे. यंदा धाकट्या नणंदेच्या भांगातही चार-पाच चांदीच्या तारा निघाल्या आणि तिने सरळ विचारलं, "वहिनी, मी काय लावू?"

आधी केसात होतं काय ते सांगते. मेहंदीतला लॉसोन नावाचा रंग केसाच्या केराटिनला जाऊन चिकटतो. केस फोडून आत शिरायची त्याला गरज नाही. पण तो फक्त चढतो, मूळ रंग उतरवत नाही. म्हणून पांढऱ्या केसावर केशरी उठतो आणि काळ्यावर उन्हात दिसेल एवढीच तांबूस झाक येते. काळं हवं तर वरून नीळ लावावीच लागते.

डब्याचं तंत्र वेगळं. केसावर कौलांसारखे खवले असतात. अमोनिया ते उचलतो. पेरॉक्साइड आत शिरून मूळ रंग थोडा फिका करतो आणि सोबत आलेल्या बारीक कणांची आतल्या आत जोडणी करून मोठे रंगकण तयार करतो. मोठे झाले की ते सहजी बाहेर पडत नाहीत. हे काम ट्यूब आणि बाटली एकत्र केल्या क्षणापासून सुरू होतं. म्हणूनच उरलेलं मिश्रण "पुढच्या वेळी वापरू" म्हणून झाकण लावून ठेवायचं नाही: रंग तर चढत नाहीच, वर वायू साठून बाटली फुटू शकते. डब्यावर "अमोनिया फ्री" लिहिलं असलं तरी खवले उचलणारं दुसरं काहीतरी आत असतंच. नाकाला बरं, एवढाच खात्रीचा फायदा.

आता वेळ. जाऊबाई शनिवारी रात्री लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेहंदी भिजवतात. रविवारी ती 2-3 तास डोक्यावर, मग धुणं, मग नीळ कोमट पाण्यात कालवून पंधरा मिनिटांच्या आत लावायची आणि तास-दीड तास थांबायचं. मे महिन्यात त्या मानेवरून घामाबरोबर ओघळणारं केशरी पाणी जुन्या परकराने पुसत गॅलरीत बसलेल्या असतात. धुतल्यावर केस हिरवट दिसतात. खरा काळा रंग यायला दोन दिवस जातात, तोवर शाम्पू बंद. सोमवारी ऑफिसात महत्त्वाची मीटिंग असणाऱ्या बाईने हे ऐकून ठेवावं. माझं काम तासाभरात होतं: कपाळाच्या कडेने व्हॅसलिन, 30-35 मिनिटं रंग, की आंघोळ. केस मात्र दोघींचे महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतात, त्यामुळे तीन-चार आठवड्यांनी भांग पुन्हा पांढरा. त्यात मेहंदीला सूट नाही.

माझी एक चूक इथे सांगतेच. सुरुवातीची दोन वर्षं मी दर वेळी मुळापासून टोकापर्यंत रंग फासायचे. टोकांना थरावर थर बसून ती कोळशासारखी झाली आणि मुळं तपकिरी. आता रंग फक्त मुळांना, बाकी केसांवर शेवटची पाच मिनिटं. शिवाय शेड काळी नाही, गडद तपकिरी. चाळिशीनंतर काळाभोर रंग टोपी घातल्यासारखा दिसतो, हे माझं ठाम मत.

ॲलर्जीच्या बाबतीत शुद्ध मेहंदीचं पारडं जड, पण "शुद्ध" या शब्दावर जोर. "काळी मेहंदी" म्हणून मिळणाऱ्या अनेक पुड्यांत डब्यातल्या रंगातलंच पीपीडी असतं, म्हणजे ॲलर्जी उठवू शकणारं रंगाचं रसायन. झटपट काळा रंग देणारी पुडी दिसली की आधी मागची बारीक अक्षरं वाचा. पीपीडी असलेल्या रंगावर आपल्याकडे इशारा छापावाच लागतो: आधी चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. चाचणी म्हणजे कानामागे थेंबभर लावून 48 तास बघणं. पूर्वी काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही असं नसतं. ही ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही उपटते.

मेहंदीवाल्यांसाठी आणखी एक: तिथून परतीची वाट अवघड. निळीवर ब्लीच मारलं तर हिरवा रंग येऊ शकतो. पुढे कधी हायलाइट्सची हौस असेल तर निळीला हात लावण्याआधीच विचार करा.

पार्लर म्हणजे डब्याचंच तंत्र, जास्त पैशांत, सफाईदार हाताने. तिथे डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं पेरॉक्साइड, किती व्हॉल्यूमचा (किती तीव्र) ते विचारा. पांढरे झाकायला 20, म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइड, बहुधा पुरतं.

निगा डब्याच्या रंगालाच जास्त लागते. पहिले दोन दिवस धुऊ नका, कडकडीत पाणी टाळा, सल्फेट नसलेला शाम्पू आणि प्रत्येक वेळी कंडिशनर. रोज रात्री तेल थापून सकाळी दोनदा शाम्पू करणाऱ्यांचा रंग त्या दुसऱ्या शाम्पूत जातो. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात केस राठ होतात. शेवटचा तांब्या तरी पालिकेच्या पाण्याचा घ्या. मेहंदीचे केस कोरडे पडतात, त्यांना तेल हवंच, आणि पावसाळ्यात अख्खी दुपार ओलं डोकं हे सर्दीवाल्यांचं काम नाही.

नणंदेचं घर बदलापूरला, नोकरी फोर्टात, पदरी दोन वर्षांचं पोर. रविवार तिच्याकडे नाहीच. चार तारांसाठी पेरॉक्साइड कशाला? काही धुण्यांत उतरणारा सेमी-परमनंट लाव, म्हटलं. ती हो म्हणाली. परवा व्हिडिओ कॉलवर पाहिलं तर बाईसाहेबांनी भांग डावीकडे पाडून काम भागवलं होतं.