गंजिफाचा संच ऑनलाइन मागवताय? आधी हे वाचा

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा म्हणून मला चक्क प्रिंट मारलेले पत्ते पाठवलेत, तेही साडेपाच हजारांना. माहीत नसेल त्यांच्यासाठी, गंजिफाचे पत्ते गोल, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी १२० पानं. तिघांत वाटली की ४०-४० येतात, हुकूम वगैरे नसतो, कुठली पानं गेली ते डोक्यात ठेवायचं यावरच सगळा खेळ.

जाहिरातीत 'हाताने रंगवलेला, लाखेचं काम', फोटो झकास, पण कॅश ऑन डिलिव्हरी नाही, यूपीआयने सगळे पैसे आधी. पार्सल उघडलं तर चकाकी होती पण प्लास्टिकची, एका पानाची कड नखाने जरा उचकटली तर अख्खा पापुद्राच हातात आला आणि खाली साधा पुठ्ठा. मग मत्स्याची पानं ओळीने मांडली. सत्तीवरच्या सातही माशांच्या शेपटीशी लाल रंगाचा बारीक फराटा, अठ्ठीवर आठही माशांना तोच, नव्वीवर तोच, एकाच जागी एकाच कोनात. हाताने काढणाऱ्याचा ब्रश प्रत्येक माशाला तिथेच घसरतो होय?

मोजली तर पानं १२० भरली. पण बुद्धाचे राजे दोन आणि कल्कीचा प्रधान नाहीच! आता खेळा.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे, "ताई हँडमेड आहे ना, थोडं एकोणीस-वीस व्हायचंच." राजा डबल हे एकोणीस-वीस? मग म्हणे अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नाही तर रिटर्न नाही, आणि ब्लॉक. संताप याचा जास्त की ही कला बंद पडायला आलेली तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी ती परत उभी केली, आणि हे लोक त्याच नावावर छापील माल खपवतायत.

१९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय, अजून काही हललं नाही. घेणारच असाल तर पैसे द्यायच्या आधी एका रंगाची बाराही पानं पसरून व्हिडिओ मागा, जवळून, आणि मागची बाजू पण. जमत असेल तर सरळ सावंतवाडीच्या राजवाड्यात जा, तिथे कारागीर समोर बसून रंगवतात. माझ्यावाल्याची जाहिरात अजून चालू आहे, आता वर 'शेवटचे दोनच संच' असं लिहिलंय.