कुंपण कुणी घालायचं? थायलंडच्या १९९७ आणि २०१७ च्या राज्यघटना शेजारी ठेवून

लाचेसाठी थाई भाषेत एक जुना शब्दप्रयोग आहे, 'खा नाम रोन नाम चा'. शब्दशः अर्थ गरम पाण्याचे आणि चहाचे पैसे. म्हणजे आपलं चहापाणीच. 'टेबलाखालचे पैसे' हा प्रयोगही तिथे जसाच्या तसा आहे. तेव्हा मराठी वाचकाला थायलंडमधला रोग समजावून सांगायला नको. भांडण आहे ते औषधावरून. एक बाजू म्हणते, मत द्यायचा हक्क लोकांच्या हातात राहू द्या, चोरांना लोकच घरी बसवतील. दुसरी म्हणते, मतंच विकली जातात, म्हणून आधी घाण काढा आणि मग निवडणूक घ्या. गेली वीस वर्षं माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा यांच्या विरोधातले पिवळे शर्ट, त्यांचे समर्थक लाल शर्ट आणि आता सुधारणा मागणारे नारिंगी, सगळे याच प्रश्नाभोवती फिरताहेत.

ज्यांना यात आपली बाजू ठरवायची आहे, मग ती वादविवाद स्पर्धेसाठी असो, परीक्षेच्या निबंधासाठी असो की नुसतं बातमी वाचताना मान कुठे डोलवायची यासाठी, त्यांनी 'थाकसिन वाईट की लष्कर वाईट' इथून सुरुवात करू नये. त्या वाटेनं गेलं की दोन्हीकडचे घोटाळे मोजत बसावं लागतं, आणि माल दोन्हीकडे भरपूर आहे. त्यापेक्षा दोन राज्यघटना शेजारी ठेवा. १९३२ साली राजाची अनिर्बंध सत्ता संपल्यापासून थायलंडनं २० घटना पाहिल्या. त्यातल्या १९९७ आणि २०१७ च्या घटना भ्रष्टाचार मोडून काढायचा म्हणूनच गाजावाजा करून आणल्या गेल्या. शत्रू एकच, पण औषध अगदी उलटं.

आधी १९९७. त्या जुलैत बात या थाई चलनाचं अवमूल्यन झालं होतं, बँका बुडत होत्या, आणि जुन्या पुढाऱ्यांच्या टोळ्यांनी देश खाल्ला ही भावना शहरातल्या मध्यमवर्गात पक्की झाली होती. मसुदा सभेत ९९ सदस्य होते, त्यातले ७६ म्हणजे प्रत्येक प्रांताचा एक. लोकांची मतं ठिकठिकाणी ऐकून लिहिली गेल्यामुळे तिला 'लोकांची घटना' म्हणू लागले. घटना न्यायालय, निवडणूक आयोग, भ्रष्टाचारविरोधी आयोग ही आज ज्यांच्यावरून रान पेटतं ती सगळी कुंपणं तिनंच घातली. कुंपण घालणाऱ्यांची निवड पक्की करायची होती २०० जणांच्या सिनेटनं, म्हणजे वरच्या सभागृहानं, आणि हे सिनेट थेट लोकांनी निवडायचं होतं. ५०,००० मतदारांनी सह्या केल्या तर एखाद्या मंत्र्याला पदावरून काढण्याची प्रक्रिया सुरू करता येत होती. कागदावर तरी शेवटची दोरी मतदाराच्या हातात होती.

'कागदावर' म्हटलं, कारण पहिल्याच मोठ्या परीक्षेत काय झालं बघा. २००१ च्या जानेवारीत टेलिकॉमचे सम्राट थाकसिन शिनावात्रा निवडून आले. त्याआधीच भ्रष्टाचारविरोधी आयोगानं त्यांना मालमत्ता लपवल्याबद्दल दोषी धरलं होतं. कोट्यवधींचे शेअर घरातली मोलकरीण, ड्रायव्हर, पहारेकरी अशांच्या नावावर होते. ही प्रामाणिक चूक होती, असं थाकसिन म्हणाले. नुकताच प्रचंड मतांनी आलेला पंतप्रधान, बाहेर त्याचे समर्थक, आणि आत घटना न्यायालयाचे १५ न्यायाधीश. ऑगस्टमध्ये निकाल लागला तो ८ विरुद्ध ७, थाकसिन सुटले. एका मतानं.

दुसरी फट जास्त शिकवणारी आहे. सरकारं सारखी पडू नयेत म्हणून या घटनेनं पंतप्रधानावर अविश्वास ठराव आणायला ५०० पैकी २०० खासदारांच्या सह्यांची अट घातली होती. २००५ मध्ये थाकसिनच्या पक्षाला ३७७ जागा मिळाल्या. उरले १२३. म्हणजे विरोधकांना पंतप्रधानावर ठराव जिंकणं राहू द्या, मांडताही येईना. सिनेट पक्षांपासून लांब राहायचं होतं, पण खासदारांच्या बायका, नवरे, मुलं निवडून येऊ लागली आणि बँकॉकचे पत्रकार त्याला 'नवरा-बायकोचं सभागृह' म्हणू लागले. आणखी एक खोट सुरुवातीपासूनच होती. खासदार व्हायला पदवी हवी. भाताची शेती करणाऱ्या बहुसंख्य माणसांना मत देता येत होतं, उभं राहता येत नव्हतं. 'लोकांची घटना' म्हणताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

२००६ च्या जानेवारीत थाकसिन कुटुंबानं आपली कंपनी सिंगापूरच्या सरकारी गुंतवणूक कंपनीला सुमारे ७,३०० कोटी बातना विकली आणि त्यावर एक बातही कर भरला नाही. कायद्यानं तो लागत नव्हताच. पण पिवळे शर्ट रस्त्यावर आले ते त्या बातमीनंतर जोरात. १९ सप्टेंबरला रणगाडे आले, लोकांनी त्यांना फुलं वाहिली, आणि १९९७ ची घटना तिथेच संपली.

मधली २००७ ची घटना लवकर उरकतो. सिनेट निम्मं निवडलेलं, निम्मं नेमलेलं, आणि एका पदाधिकाऱ्यानं निवडणुकीत गैरप्रकार केला तर अख्खा पक्ष बरखास्त. तिच्या काळातला एक निकाल मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. पंतप्रधान समक सुंदरवेज यांना स्वयंपाकाची हौस. पदावर असतानाही टीव्हीवर पाककृती दाखवायचे आणि थोडं मानधन घ्यायचे. सप्टेंबर २००८ मध्ये न्यायालयानं शब्दकोश उघडून 'नोकर' या शब्दाचा अर्थ पाहिला, ही नोकरीच ठरवली आणि पंतप्रधान घरी गेले. त्याच वर्षी थाकसिनच्या वकिलांच्या माणसांनी न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांना खाऊची पिशवी दिली, तीत २० लाख बात निघाले. वकिलांना सहा महिन्यांची कैद झाली. ही पिशवी लक्षात ठेवा, १६ वर्षांनी पुन्हा निघते.

आता २०१७ कडे जायला हवं, पण त्याआधी तिच्या समर्थकांची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती हसण्यावारी न्यायची नाही. निवडून आलेल्या सरकारला कुणी अडवलंच नाही तर काय होतं? २००३ मध्ये थाकसिननी अमली पदार्थांविरुद्ध 'युद्ध' पुकारलं. तीन महिन्यांत २,५०० हून जास्त माणसं मारली गेली, बरीचशी खटल्याशिवाय, आणि मोहीम लोकप्रिय होती. पुढे २०११ मध्ये बहीण यिंगलक पंतप्रधान झाल्या. सरकारनं भात टनाला १५,००० बात देऊन, म्हणजे बाजारभावाच्या साधारण दीडपट दरानं, विकत घेऊन कोठारं भरली. थायलंडनं माल दाबला की जगात भाव चढेल असा हिशेब होता. पण सप्टेंबर २०११ मध्ये भारतानं बिगर-बासमती तांदळाची निर्यात खुली केली आणि २०१२ मध्ये थायलंडचा पहिला नंबर आपण घेतला. तिकडे कोठारात तांदूळ कुजला. वर सरकार-ते-सरकार विक्रीचे व्यवहार बनावट निघाले, आणि व्यापारमंत्र्यांना पुढे ४२ वर्षांची शिक्षा झाली. २०१३ च्या १ नोव्हेंबरला पहाटे चारच्या सुमारास लोकसभेनं एक माफी विधेयक मंजूर केलं, ज्याखाली थाकसिनही सुटले असते. पहाटे चारला! एवढं झाल्यावर बहुमताला लगाम हवा असं वाटणाऱ्या माणसाला लोकशाहीचा शत्रू म्हणून मोकळं होता येत नाही.

फक्त पुढची तारीखही बघावी. ११ नोव्हेंबरला सिनेटनं ते विधेयक फेटाळलं. रस्त्यावरचा दबाव आणि वरचं सभागृह, दोघांनी मिळून रणगाड्याशिवाय काम केलं होतं. तरीही मोर्चे थांबले नाहीत, मागणी बदलली. 'निवडणुकीआधी सुधारणा' ही घोषणा तेव्हाची. गळ्यात शिट्ट्या अडकवलेल्या त्या गर्दीचे नेते सुथेप थाउगसुबान. १९९५ मध्ये भूमिहीनांसाठीच्या जमिनी फुकेतमधल्या श्रीमंतांना गेल्याच्या प्रकरणात सरकार कोसळलं. त्या जमिनी वाटल्या गेल्या तेव्हा हेच गृहस्थ शेती खात्याचे उपमंत्री होते. फेब्रुवारी २०१४ ची निवडणूक उधळली गेली, न्यायालयानं ती रद्द केली, आणि २२ मे रोजी जनरल प्रयुत चान-ओचांनी सत्ता घेतली.

२०१७ च्या घटनेला तिच्या जन्मदात्यांनी 'भ्रष्टाचार ठेचणारी घटना' असं नाव दिलं. सार्वमतात ६१ टक्के लोक हो म्हणाले. पण मसुद्याविरुद्ध प्रचार करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा कायदा त्या वेळी लागू होता. तिचा विचार सरळ आहे. राजकारणी खातात, मतदार विकला जातो, म्हणून राखण 'खोन दी' म्हणजे भल्या माणसांकडे द्या. भली कोण हे आधीच भले असलेले ठरवतील. पहिलं २५० जणांचं सिनेट लष्करी राजवटीनं नेमलं आणि त्याला पंतप्रधान निवडायलाही मत दिलं. २०१९ मध्ये २४९ सिनेटरांनी प्रयुतना मत दिलं. उरलेले एक सभापती होते, ते तटस्थ राहिले. २०२३ मध्ये सर्वात जास्त, १५१ जागा मिळवलेल्या मूव्ह फॉरवर्ड या नारिंगी पक्षाचे नेते पिटा यांना त्याच सिनेटमधून १३ मतं मिळाली. वर्षभरानं तो पक्षही बरखास्त झाला. कारण भ्रष्टाचार नव्हतं, राजनिंदेचा कायदा बदलण्याचं आश्वासन होतं.

भल्यांची परीक्षा कशी झाली? ४ डिसेंबर २०१७ ला नव्या मंत्रिमंडळाचा फोटो काढत होते. ऊन डोळ्यावर येत होतं म्हणून उपपंतप्रधान जनरल प्रवित वोंगसुवान यांनी हात कपाळाशी नेला. बाही वर सरकली आणि मनगटावर अतिशय महागडं घड्याळ, बोटात हिऱ्याची अंगठी दिसली. मालमत्तेच्या विवरणात दोन्ही नव्हती. लोकांनी जुने फोटो धुंडाळून वीसहून जास्त घड्याळं मोजली. प्रवित म्हणाले, मित्राची उसनी होती, मित्र वारला. भ्रष्टाचारविरोधी आयोगाचे अध्यक्ष कधी काळी प्रवितांच्याच हाताखाली काम केलेले, त्यांनी सुनावणीतून अंग काढून घेतलं. वर्षभरानं उरलेल्यांनी ५ विरुद्ध ३ मतांनी प्रकरण मिटवलं.

हे प्रकरण २००१ च्या मोलकरणीच्या शेअरशेजारी ठेवा. लपवलेली मालमत्ता, अविश्वसनीय खुलासा, काठावरचा निकाल. प्रसंग जवळपास जुळे आहेत. फरक पुढे पडतो. थाकसिन सुटले तरी चार वर्षांनी त्यांना मतपेटीपुढे यावं लागलं, ते जिंकले हा भाग वेगळा. प्रवितांना ज्यांनी सोडलं त्यांच्यापर्यंत मतदाराचा हात मतपेटीतून पोचायची सोयच ठेवलेली नव्हती.

२०१७ च्या घटनेत मंत्र्याची सचोटी 'स्पष्ट दिसणारी' असावी लागते आणि त्याच्याकडून नीतिनियमांचा गंभीर भंग होता कामा नये. ऐकायला छान. हे नियम लिहिले घटना न्यायालयानं आणि स्वतंत्र आयोगांनी, आणि मंत्री त्यात बसतो का हेही न्यायालयच ठरवतं. २०२४ मध्ये पंतप्रधान श्रेत्था थाविसिन यांनी ज्यांना मंत्री केलं, ते होते खाऊच्या पिशवीवाले वकील. ५ विरुद्ध ४ मतांनी श्रेत्था गेले. नेमणूक लाजिरवाणी होतीच, माझी त्यांना सहानुभूती नाही. पण मंत्र्यानं तर आधीच राजीनामा दिला होता, आणि पाच माणसांनी अख्खं सरकार बदललं. त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या थाकसिनकन्या पेतोंगतार्न यांनाही पुढच्या वर्षी कंबोडियाचे माजी पंतप्रधान हुन सेन यांच्याशी झालेल्या फोनवरच्या बोलण्यावरून ६ विरुद्ध ३ मतांनी जावं लागलं.

या न्यायाधीशांना मान्यता देतं सिनेट. आणि २०२४ चं सिनेट कसं आलं ते ऐकण्यासारखं आहे. वय किमान ४०, शुल्क २,५०० बात, व्यवसायांचे २० गट. मत फक्त उमेदवारांनाच. आधी तालुक्यात, मग प्रांतात, मग राष्ट्रीय पातळीवर त्यांनी एकमेकांना निवडायचं, बाकी देशानं टीव्हीवर बघायचं. एका पक्षानं माणसं पेरून मतं फिरवल्याचा आरोप झाला आणि चौकशी लागली. मत विकणारा गावचा शेतकरी नको म्हणून काढलेली ही युक्ती. काही कोटी मतदारांचा बाजार नको म्हणून काही हजारांचा मांडला, असं मला वाटतं.

आकड्यांत म्हणाल तर ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचार निर्देशांकात (गुण जास्त तितका देश स्वच्छ) थायलंडला २०१४ मध्ये १०० पैकी ३८ गुण होते. २०२४ मध्ये ३४ आणि १८० देशांत १०७ वा क्रमांक. हा निर्देशांक जाणकारांच्या आणि उद्योजकांच्या समजावर चालतो, त्यावर फार भार टाकू नये. पण 'भ्रष्टाचार ठेचणाऱ्या' घटनेला त्याचा आधार मिळत नाही, एवढं खरं. २८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये भूकंप झाला तेव्हा बँकॉकमध्ये एकच उंच इमारत पुरती कोसळली. बांधकाम चालू होतं आणि आत कामगार होते. ती होती सरकारी हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाची. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते इतकं शब्दशः क्वचित दिसतं.

तर निवड. बहुमताचा वरवंटा तुम्हाला सर्वात जास्त भीतीदायक वाटत असेल, २००३ चे मृत्यू तुमच्या डोळ्यांसमोरून हलत नसतील, तर २०१७ च्या बाजूनं बोलता येईल. मात्र मग भल्या माणसांना कोण काढणार, याचं उत्तर खिशात ठेवून उभं राहा, समोरचा पहिला प्रश्न तोच विचारेल. माझा कल १९९७ कडे आहे, पण जशीच्या तशी नको. २०० सह्यांची अट खाली आणावी, पदवीची अट काढावी, आयोग नेमताना विरोधकांना खरा नकाराधिकार द्यावा. तिच्या चुका दुरुस्त करता येण्याजोग्या होत्या. दुरुस्तीला वेळ मिळाला नाही.

२०१७ च्या घटनेत दुरुस्तीचंच कलम कुलूपबंद आहे. लोकांनी निवडलेल्या सभागृहानं एकमतानं ठराव केला तरी सिनेटच्या किमान एक तृतीयांश सदस्यांचा होकार लागतो. म्हणजे एकमेकांना निवडून आलेल्या त्या २०० पैकी ६७ जणांचा.