हळू पळण्यासाठी पोलर एच१०: पट्टा उत्तम, पण झोन स्वतः बसवा

हार्ट रेट पाहून हळू पळायचं ठरवलं, की सगळा खेळ मिनिटाला १५-२० ठोक्यांचा असतो. १३५ ठोक्यांना पळणं आणि १५२ ठोक्यांना पळणं, पहिल्या दोन किलोमीटरला दोन्ही सारखंच आरामाचं वाटतं. पण पहिल्या प्रकारात दुसऱ्या दिवशी पुन्हा पळता येतं, दुसऱ्यात थकवा साचत जातो. एवढा फरक मनगटावरच्या घड्याळाला नेहमी पकडता येत नाही. घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून रक्तप्रवाहातला बदल मोजतं, आणि ते जरा सैल बसलं की हाताच्या हेलकाव्याची लयच ठोके म्हणून मोजायला लागतं. पळताना पावलं मिनिटाला साधारण १६० ते १७५ पडतात. त्यामुळे खरे ठोके १३८ असताना घड्याळ १६८ दाखवतं, आणि पळणारा विनाकारण चालायला लागतो.

फिनलंडच्या पोलर कंपनीचा एच१० हा छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट वाचतो, त्यामुळे ही गफलत त्यात होत नाही. २०१६ साली आलेलं हे मॉडेल आजही विश्वासाने घ्यावं असं आहे. सीआर२०२५ हा साधा नाण्यासारखा सेल लागतो आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तो सुमारे ४०० तास चालतो. ब्लूटूथ आणि अँट प्लस (खेळाची घड्याळं आणि सेन्सर बिनतारी जोडण्याची पद्धत) दोन्ही असल्याने गार्मिनचं घड्याळ असो की फोन, जोडणीची अडचण येत नाही. ब्लूटूथवर एकाच वेळी दोन उपकरणंही जोडता येतात, मात्र ती सोय पोलरच्या ॲपच्या सेटिंगमध्ये सुरू करावी लागते. पट्ट्याला स्वतःचा पडदा नाही, म्हणून घड्याळ किंवा फोन लागतोच.

घालण्याची पद्धत चुकली तर हाही पट्टा चुकीचे आकडे देतो. आतल्या बाजूचे इलेक्ट्रोड, म्हणजे त्वचेला टेकून संकेत पकडणारे भाग, पाण्याने नीट ओले करा. पट्टा छातीच्या स्नायूंच्या खाली, बरगड्यांभोवती घट्ट बसवा. बायकांनी स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीखाली घ्यावा. दीर्घ श्वास घेतला तरी तो सरकायला नको. पहिल्या पाच-सात मिनिटांत आकडा अचानक १९० वर गेला तर हृदयाची काळजी करण्याआधी इलेक्ट्रोड कोरडे आहेत का ते पाहा. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात, कोरड्या हवेत आणि सिंथेटिक टी-शर्टमध्ये हे हमखास होतं. मुंबई-कोकणात घाम लवकर फुटतो, तिथे कमी. आणखी एक: पट्ट्याचा संपर्क तुटला की काही घड्याळं गुपचूप मनगटाच्या सेन्सरवर जातात. तसं होत असेल तर मनगटाचं मापन बंद ठेवा.

आता मुख्य मुद्दा. आकडा अचूक आला तरी झोन, म्हणजे मेहनतीनुसार पाडलेले ठोक्यांचे टप्पे, चुकीचे असतील तर पैसे वाया. ॲप आपोआप जे झोन देतं ते बहुधा २२० वजा वय या सूत्रावर. ४२ वर्षांच्या माणसाचा कमाल हार्ट रेट त्यात १७८ येतो आणि ६० ते ७० टक्क्यांचा झोन २ म्हणजे १०७ ते १२५. नव्या माणसाला १२५ च्या आत पळणं जवळजवळ अशक्य. आठवड्याभरात तो कंटाळून सोडून देतो. त्याच माणसाचे विश्रांतीचे ठोके ६२ धरून कार्वोनेन पद्धतीने हिशेब करा: १७८ मधून ६२ वजा, उरले ११६, त्याचे ६० ते ७० टक्के काढून ६२ मिळवले की १३२ ते १४३ येतात. धावपटूंचे प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांच्या १८० वजा वय या सूत्राने वरची मर्यादा १३८ आणि टप्पा १२८ ते १३८. सुरुवातीला हाच घ्यावा, कारण तो सावध आहे आणि हिशेब तोंडी होतो. वारंवार दुखापत किंवा सर्दी होत असेल तर आणखी ५ कमी करा, मोठ्या आजारातून उठला असाल किंवा नियमित औषधं सुरू असतील तर १०. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके औषधानेच दबलेले असतात. त्यांनी मर्यादा डॉक्टरांकडूनच घ्यावी. पडताळणी सोपी आहे: पळताना पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता आलं पाहिजे.

पहिली १५ मिनिटं झपझप चाला, मग पळायला लागा. आपल्या मर्यादेचा (वरच्या उदाहरणात १३८ चा) अलार्म लावा, वाजला की १३० च्या खाली येईपर्यंत चाला. ठोके मेहनतीच्या २०-३० सेकंद मागे असतात, म्हणून चढ लागण्याआधीच वेग कमी करा. पुण्याच्या तळजाई टेकडीसारख्या चढावर पहिले काही आठवडे चालावंच लागेल, त्यात कमीपणा नाही. उकाड्यात ४० मिनिटांनंतर त्याच पेसला (वेगाला) ठोके वर सरकतात, कारण शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं आणि घामाने पाणी कमी होतं. तेव्हा पेस सोडा, मर्यादा सोडू नका. महिन्यातून एकदा त्याच सपाट रस्त्यावर, त्याच वेळी, १३८ ला धरून ५ किलोमीटर पळा आणि प्रत्येक किलोमीटरची वेळ लिहा. वेळ महिन्यागणिक उतरायला हवी. मेमधली वेळ जानेवारीतल्या वेळेशी ताडू नका.

पळून झाल्यावर सेन्सर पट्ट्यापासून काढा, नाहीतर ओलाव्यामुळे तो चालूच राहतो आणि सेल लवकर संपतो. पट्टा वाहत्या पाण्याखाली धुवा. ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर नको, इलेक्ट्रोड खराब होतात. आधी झिजतो तो कापडी पट्टाच. सेल नवा असूनही मधेच आकडे गायब व्हायला लागले की फक्त पट्टा बदला, तो वेगळा मिळतो.

नेहमी घड्याळ घालून पळत असाल तर पोलरचाच स्वस्त एच९ पट्टा पुरतो. त्यात अंतर्गत मेमरी नाही आणि ब्लूटूथवर एकच उपकरण जोडता येतं, पण ठोके तितक्याच भरवशाने मिळतात. घड्याळाशिवाय पळणाऱ्यांनी मात्र एच१० घ्यावा; फोन घरी ठेवूनही एक सत्र पट्ट्यातच नोंदवता येतं, फक्त ते निघण्याआधी ॲपमधून सुरू करावं लागतं.