१८ इंची रिंग लाइट: साडेतीन वर्षं वापरल्यावर माझं मत

आधीच सांगते, लाइट चांगला आहे आणि मी तो अजूनही वापरते. पण "ताई, ब्युटी चॅनल सुरू करायचंय, रिंग लाइट (कड्यासारखा गोल दिवा) घेऊ का" असा मेसेज आठवड्यातून तीन-चारदा तरी येतोच आणि दर वेळी दोन ओळींत उत्तर दिलं की मला स्वतःलाच अर्धवट वाटतं, म्हणून आज बसून सगळं लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, एकच साचा वेगवेगळी नावं छापून विकला जातो आणि मी जे सांगणारे ते जवळपास कुठल्याही १८ इंची एलईडी रिंगला लागू होतं.

बॉक्समधे रिंग, स्टँड, मधोमध फोन लावायचा होल्डर, अ‍ॅडॉप्टर आणि एक बॅग. स्टँड मजबूत आहे, त्याबद्दल काही तक्रार नाही. होल्डर मात्र अगदीच लेचापेचा, त्याचा प्लास्टिकचा स्क्रू सहा महिन्यांत सैल झाला आणि फोन इतका हळूहळू खाली झुकायचा की शूट करताना कळायचंच नाही, एडिटिंगला बसल्यावर दिसायचं की शेवटची दहा मिनिटं भुवया फ्रेमच्या बाहेर. धातूचा होल्डर वेगळा घेतला, प्रश्न मिटला. तुम्हीही तोच घ्या, सोबत आलेल्यावर महागातला फोन लावू नका.

आता फायदा. मी सुरुवातीचं वर्षभर खिडकीशी बसून शूट करायचे. नोकरी होती, म्हणजे शूटिंग फक्त सुट्टीच्या दिवशी, त्यातही ऊन वर-खाली झालं की अर्ध्या व्हिडिओत चेहरा पिवळट आणि अर्ध्यात निळसर. रिंग आली आणि मी रात्री दहा वाजता शूट करायला लागले. आठवड्याला एक व्हिडिओ यायचा तिथे तीन यायला लागले आणि खरं सांगू, माझं चॅनल उभं राहिलं ते या एका गोष्टीमुळे. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास बघितलं जाणं लागतं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज), आणि ते ४००० तास महिन्याला चार व्हिडिओ टाकून जमवताना माझा जीव मेटाकुटीला आला होता. त्यामुळे नोकरी किंवा कॉलेज सांभाळून हे करणाऱ्या कोणालाही मी रिंग घेऊ नका असं कधीच म्हणणार नाही. डोळ्यांच्या मेकअपसाठी तर याला तोड नाही, लायनरची रेघ, पापण्यांच्या मुळाशी लावलेली पेन्सिल, सगळं लख्ख दिसतं, हाताची सावली मधे येत नाही.

पण हीच सावली न येणं पुढे मला फार महागात पडलं.

झालं काय, एका कन्सीलरचा (डाग झाकायला लावतात तो) व्हिडिओ केला होता. माझ्या गालावर पिंपल्सचे जुने खड्डे आहेत, खोल नाहीत पण आहेत, आणि त्या व्हिडिओत मी अगदी मनापासून म्हणाले की एका थरात सगळं झाकलं गेलं. मला स्क्रीनवर खरंच तसं दिसत होतं. व्हिडिओ छान चालला. तीन आठवड्यांनी एकीची कमेंट आली, रागावलेली नव्हती ती, त्यामुळेच जास्त लागली. तिने लिहिलं होतं, "ताई, मी तुमच्यासारखंच लावलं, तेवढंच घेतलं, तरी माझे खड्डे दिसतातच, मी लावायला कुठे चुकतेय?" त्या रात्री मी तोच कन्सीलर तसाच लावला, रिंग बंद केली, टेबल लॅम्प एका बाजूने गालावर धरला आणि आरशात बघितलं. प्रत्येक खड्डा जागच्या जागी. कडेला कन्सीलर साचून उलट जास्तच उठून दिसत होता. ती कुठेच चुकली नव्हती. कन्सीलरने जे केलं असं मी सांगितलं होतं ते कन्सीलरने नाही, लाइटने केलं होतं.

नंतर वाचलं तेव्हा समजलं की ही रिंग मुळात दातांचे फोटो काढायला वापरायचे, तोंडाच्या आत सावली पडू नये म्हणून. लेन्सच्या भोवतीनं सगळीकडून सारखा प्रकाश, म्हणजे सावलीला जागाच नाही. आणि त्वचेचं टेक्स्चर म्हणजे काय, तर बारीक बारीक सावल्याच ना. रोमछिद्रं, सुरकुती, खड्डा, फाउंडेशन केक झालेलं, हे सगळं डोळ्याला दिसतं ते सावलीमुळे. ती काढून टाकली की कुठलंही फाउंडेशन स्वस्त-महाग सगळं सारखंच सुंदर दिसतं. मग रिव्ह्यू कसला करायचा? फिल्टरबद्दल आपण सगळे बोलतो, ब्रिटनमधे तर २०२१ मधे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएसए या संस्थेने सांगितलं की प्रॉडक्टचा परिणाम वाढवून दाखवणारा फिल्टर जाहिरातीत लावू नका. पण समोरून मारलेला भरपूर प्रकाश चेहऱ्याचं बरंचसं तेच करतो आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, मीही काढला नव्हता.

दुसरी गोष्ट रंगाची, आणि इथे जरा नीट वाचा कारण खरेदी करताना हेच बघायचं असतं. बॉक्सवर सीआरआय असा आकडा असतो, ९०, ९५, ९७ वगैरे. १०० म्हणजे या प्रकाशात रंग जसे दिसायला हवेत तसेच दिसतात. फक्त हा आकडा आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो आणि गडद लाल रंग त्यात धरलेलाच नसतो, त्याचा आकडा वेगळा, आर९ म्हणतात त्याला. आता मेकअपमधे लाल किती महत्त्वाचा आहे सांगायला नको, लिपस्टिक, ब्लश, आणि त्वचेच्या आतला तांबूसपणा सुद्धा. माझ्या रिंगवर ९५ छापलंय आणि आर९ कुठेच नाही, ना बॉक्सवर ना कागदावर. विटकरी लिपस्टिक या प्रकाशात हमखास तपकिरी दिसते, आणि फाउंडेशनचा अंडरटोन, म्हणजे आतली पिवळट-गुलाबी छटा, थोडा राखाडीकडे झुकतो. तुम्हाला लाइट तपासायचा असेल तर आकड्यांच्या मागे लागू नका, तळहातावर लाल लिपस्टिकची एक रेघ ओढा, दिवसा खिडकीत फोटो काढा आणि मग रिंगखाली काढा, दोन्ही फोटो शेजारी ठेवा. एका मिनिटात कळतं.

फोनचाही यात हात आहे. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमधे फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतो पण व्हाइट बॅलन्स (फोन पांढरा रंग कसा पकडतो ते) वेगळा असतो, तो प्रो मोडमधे किंवा एखाद्या कॅमेरा अ‍ॅपमधे जाऊन स्वतः ठरवायचा, रिंग ५६०० केल्विनवर (प्रकाश पिवळा की निळसर ते मोजायचं एकक, आकडा जितका कमी तितका पिवळा) असेल तर फोनही ५६०० वर. आणि खोलीतला पिवळा बल्ब बंद करा, तो २७००-३००० च्या आसपास असतो, दोन्ही प्रकाश मिसळले की चेहऱ्याची एक बाजू कावीळ झाल्यासारखी दिसते आणि ते एडिटिंगमधे नीट होत नाही, मी तासन् तास घालवलेत त्यात. पुढच्या कॅमेऱ्यातला ब्युटी मोड बंद आहे ना तेही बघा, काही फोनमधे तो आपोआप चालू असतो.

मग मी काय केलं. ती कमेंट पिन केली आणि तिच्याखाली खरं काय ते लिहिलं, आणि पुढच्या व्हिडिओपासून प्रत्येक बेसच्या (फाउंडेशन-कन्सीलरच्या थराच्या) शेवटी एक शॉट टाकायला लागले, रिंग बंद, लॅम्प साधारण ४५ अंशांतून गालावर, कॅमेरा जवळ, वीस सेकंद काही न बोलता. नंतर खिडकीतला एक. पहिल्या महिन्यात व्ह्यूज पडले, लपवत नाही. पण कमेंट्स बदलल्या. आधी "किती सुंदर दिसतेस", "ग्लो बघा" असं असायचं, आता लोक स्वतःच्या गालाबद्दल लिहायला लागले, एकीने डोळ्याखालच्या काळेपणाबद्दल लिहिलं, एकीने पांढऱ्या डागांबद्दल, मग त्यांचं त्यांचंच एकमेकींना उत्तर देणं सुरू झालं. त्यातूनच आमचा शेडचा ग्रुप झाला, आपल्या रंगाला फाउंडेशनची कुठली शेड बसते ते एकमेकींना विचारायचा. नियम एकच, फोटो खिडकीतला, दिवसाचा, फिल्टर नाही, आणि जबड्याच्या कडेला तीन शेड्सच्या रेघा. २०१७ मधे गायिका रिहानाच्या फेंटी ब्युटीने फाउंडेशनच्या एकदम ४० शेड्स आणल्या तेव्हापासून बऱ्याच ब्रँडनी रेंज वाढवली हे खरं, पण स्क्रीनवर बघून ४० मधली आपली कुठली हे ठरवायचं असेल तर समोरच्याने ती खऱ्या प्रकाशात दाखवायला हवी. ग्रुपमधे आता असं आहे की कोणी विचारलं "मला हा नंबर बसेल का" तर माझ्या आधी तिच्याच रंगाच्या दोघी-तिघी स्वतःच्या गालावरचे फोटो टाकून मोकळ्या होतात. हे मला कुठल्याही कोर्समधे कोणी शिकवलं नव्हतं.

पैशांचंही सांगते कारण करिअर म्हणून हे करणारे वाचत असतील. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के क्रिएटरला मिळतात, शॉर्ट्सच्या वाट्यातले ४५, पण माझ्या बाबतीत त्याने घर चालत नाही, घर चालतं ते ब्रँडच्या कामावर आणि लिंकवरून होणाऱ्या खरेदीवर. आणि लिंकवरून लोक कधी घेतात, तर आधी घेतलेलं त्यांच्या चेहऱ्यावर तसंच निघालं तर. एका ब्रँडने (नाव नाही घेत) ठरलेल्या व्हिडिओतून रिंग बंदचा शॉट काढायला सांगितला. मी नाही म्हणाले. काम गेलं आणि त्या महिन्यात मला ते खरंच जड गेलं, रात्री झोप लागली नाही. पण दुसऱ्या एका छोट्या ब्रँडने सहा महिन्यांनी मेल केला तेव्हा पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की आम्हाला तो लॅम्पचा शॉट हवाय. त्यांच्यासोबत मी अजून काम करते, वर पेड पार्टनरशिपचं लेबल लावून, आणि त्यांचं एक सेटिंग स्प्रे मला आवडलं नाही तेही त्यांच्याच व्हिडिओत सांगितलंय.

बाकी किरकोळ. चष्मा असेल तर काचेत दोन पांढरी वर्तुळं दिसतात, रिंग वर चढवून खाली तिरकी करा आणि फोन वेगळ्या ट्रायपॉडवर लावा. ब्राइटनेस अगदी कमी केला की स्लो मोशनमधे पट्टे येतात, त्यापेक्षा लाइट मागे सरकवा, अंतर वाढवलं की प्रकाश भराभर कमी होतो. तेलकट त्वचेवर कपाळाच्या मधोमध पांढरा चट्टा पडतो, डिफ्यूजरवर (रिंगवरच्या पांढऱ्या झाकणावर) पातळ पांढरं कापड लावून बराच कमी झाला (लाइट गरम होत नाही ना बघून मगच लावा). तासाभराच्या वर समोर बसले की माझ्या डोळ्यांतून पाणी येतं, त्यामुळे मस्कारा शेवटी ठेवत नाही आणि मधे ब्रेक घेते.

गेल्या वर्षी एक सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडाआडून मऊ प्रकाश देणारा लाइट) घेतला, तो बाजूला ४५ अंशांत ठेवते आणि रिंग मंद करून समोर, म्हणजे डोळ्यांत प्रकाश राहतो आणि गालाला थोडी सावली मिळते. दोन्ही घेणं शक्य नसेल आणि डोळ्यांचा मेकअप, नखं, केसांच्या वेण्या असलं करणार असाल तर रिंगच घ्या, बिनधास्त. फाउंडेशन, कन्सीलर, स्किनकेअर यांचे रिव्ह्यू करणार असाल तर आधी सॉफ्टबॉक्स. आणि सध्या काहीच घेणं जमत नसेल तर खिडकी आहे, तिच्यासारखे रंग अजून कुठल्याच लाइटने मला दिले नाहीत.

ज्या मुलीने ती कमेंट केली होती तिने गेल्या महिन्यात स्वतःचं चॅनल सुरू केलं. तिनेही लाइटचंच विचारलं होतं, मी तिला खिडकी सांगितली. पहिला व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे, मधेच ढग येतो आणि सगळी फ्रेम काळवंडते, ती थांबते, बाहेर बघते, म्हणते "थांबा हं, उजेड येऊ दे, मग खड्डे दाखवते", आणि ते तिने कापलेलं नाही. लिंक खाली देतेय, नक्की बघा.